मुलांचे डोळे आले? थेंब टाकण्याआधी या चुका टाळा

सकाळी मूल उठतं आणि त्याला डोळेच उघडता येत नाहीत. पापण्या चिपडांनी घट्ट चिकटलेल्या, आतून डोळा लालभडक. घरात शोधाशोध होते, मागच्या वेळची अर्धी बाटली सापडते आणि दोन थेंब पडतात. "डोळ्यातलंच तर औषध आहे, त्यानं काय होतंय?" बहुतेक चुकांचं मूळ या वाक्यात आहे. पोटात घ्यायच्या अँटिबायोटिकबद्दल हल्ली आपण निदान एखादा प्रश्न तरी विचारतो. थेंबांना मात्र औषधच समजत नाही.

लाल डोळा म्हणजे जिवाणूच, असं धरून चालणं

डोळे विषाणूमुळे येतात, ॲलर्जीने येतात, जिवाणूंमुळेही येतात. मोठ्या माणसांत विषाणूच जास्त. मुलांमध्ये जिवाणूंचा वाटा बराच मोठा असतो, म्हणून तर घोळ होतो. मूल डोळे सारखे चोळत असेल, खाज सुटत असेल, तर आधी ॲलर्जीचा विचार करावा. पाण्यासारखा स्राव, सोबत घसादुखी, कानापुढे दुखरी गाठ असेल तर विषाणू. पुसला तरी पुन्हा जमणारा दाट पू आणि सकाळी दोन्ही डोळ्यांच्या चिकटलेल्या पापण्या हे चित्र जिवाणूंचं. पण नुसत्या चिपडांच्या रंगावरून निकाल देऊ नका. पिवळट चिपडं विषाणूच्या संसर्गातही दिसतात.

अँटिबायोटिकचे थेंब विषाणूच्या केसालाही धक्का लावत नाहीत. आठवड्याभरात डोळा आपोआप बरा होतो आणि श्रेय बाटलीला मिळतं. पुढच्या वेळी आपण तीच बाटली मागतो.

खरं तर जिवाणूंमुळे आलेले साधे डोळेही बऱ्याचदा सात ते दहा दिवसांत आपले आपण बरे होतात. औषधामुळे ते थोडे लवकर आटोपतं, इतकंच. त्यामुळे मूल तान्हं नसेल, डोळा फारसा दुखत नसेल आणि डॉक्टर म्हणाले, "दोन दिवस नुसते स्वच्छ ठेवून बघू," तर ती टाळाटाळ समजू नका. उकळून गार केलेलं पाणी, स्वच्छ कापूस, नाकाकडून कानाकडे एकदाच पुसायचं आणि तो बोळा टाकून द्यायचा. दुसऱ्या डोळ्याला नवा बोळा.

थेंब डोळ्यातच राहतो, असं समजणं

औषध टाकल्यावर थोड्या वेळानं मूल तोंड वाकडं करतं, "कडू लागतंय" म्हणतं. ते नाटक नसतं. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून अश्रुनलिका नाकात उतरते. थेंबाचा मोठा भाग त्याच वाटेने नाकात आणि तिथून घशात जातो.

आता तिथे राहतं कोण? हिमोफिलस, न्यूमोकोकस, मोराक्सेला. मुलांचे डोळे आणणारे मुख्य जिवाणू हेच. कानदुखी आणि सायनसच्या संसर्गामागेही बरेचदा हेच असतात, आणि न्यूमोकोकस तर न्यूमोनियाही करतो. एरवी ही मंडळी मुलाच्या नाकघशात गुपचूप मुक्काम करून असतात. अश्रूंत मिसळून विरळ झालेलं अँटिबायोटिक त्यांच्यापर्यंत पोचलं की लेचेपेचे मरतात आणि दाद न देणारे उरतात. हिमोफिलसच्या अनेक वाणांकडे अमॉक्सिसिलिनसारखं अँटिबायोटिक मोडून टाकणारं बीटा-लॅक्टमेज हे विकर (एन्झाइम) आधीच आहे.

औषधाचा दबाव वाढला की काय होतं, हे इथिओपियात दिसलं. तिथे ट्रॅकोमा, म्हणजे आंधळेपणा आणणारा डोळ्यांचा जिवाणू संसर्ग, आटोक्यात आणण्यासाठी गावंच्या गावांना अझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक देण्यात आलं, थेंब नव्हे, पोटातून. ट्रॅकोमा कमी झाला, पण मुलांच्या नाकघशातल्या न्यूमोकोकसमध्ये त्या जातीच्या औषधांना दाद न देणारे वाढले. वाटप थांबल्यावर ते पुन्हा कमी होत गेले. तिथे आंधळेपणा टाळायचा होता, किंमत मोजण्यासारखी होती. आपण सर्दीसोबत आलेल्या लाल डोळ्यासाठी थेंब टाकतो तेव्हा म्हातारी मरत नाही, काळ मात्र सोकावतो.

उरलेली बाटली

बहुतेक बाटल्या उघडल्यापासून चार आठवड्यांत टाकून द्यायच्या असतात. छापलेली मुदत बंद बाटलीची असते. उघडल्याची तारीख मी आता बाटलीवरच लिहून ठेवते, कारण "परवाच तर उघडली" म्हणता म्हणता ती चार महिन्यांची निघाली होती. बाटलीचं टोक पापणीला लागलं की डोळ्यातले जंतू आत शिरतात, म्हणून एका मुलाची बाटली भावंडाला चालत नाही.

यापेक्षा मोठा धोका वेगळा आहे. काही बाटल्यांत अँटिबायोटिकसोबत स्टेरॉइड असतं. लाली झटपट उतरते, म्हणून घरात तीच "चांगली" ठरते. डोळ्यात हर्पिस या विषाणूचा संसर्ग असेल तर स्टेरॉइडने बुबुळावरची जखम पसरते आणि कायमचा डाग राहू शकतो. जास्त दिवस वापरल्यास डोळ्यातला दाब वाढतो, मोतीबिंदूही होतो. नाव वाचा. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन यांपैकी काही दिसलं तर विचारल्याशिवाय टाकू नका.

एकाऐवजी तीन थेंब

पापणीच्या आत एका थेंबापुरतीच जागा असते. दुसरा, तिसरा गालावर. दोन औषधं असतील तर मध्ये निदान पाच मिनिटं जाऊ द्या, मलम शेवटी. मूल डोळे मिटून धुमाकूळ घालत असेल तर झगडू नका. उताणं झोपवा, मिटलेल्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर थेंब ठेवा. डोळा उघडला की तो आत ओघळतो. मग तो कोपरा मिनिटभर हलका दाबून धरा, म्हणजे नाकात कमी उतरतं.

एका दिवसात फरक नाही, म्हणून दुसरं औषध

कमी मात्रेत वापरलेल्या औषधामुळे जंतू निर्ढावतात, असं पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगनी 1945 मध्येच नोबेल व्याख्यानात बजावलं होतं. आपण दोन्ही टोकं गाठतो: बरं वाटलं की दुसऱ्या दिवशी बंद, नाही वाटलं की दुसरी, "जास्त स्ट्राँग" बाटली. सुरू केलेलं औषध सांगितलेल्या वेळांना, सांगितलेले दिवस टाका. दोन-तीन दिवसांत काहीच उतार नसेल तर औषध बदलण्याआधी पुन्हा दाखवा. कधीकधी पू तपासायला पाठवावा लागतो, आणि तो नवं अँटिबायोटिक सुरू होण्याआधी घेतलेला बरा.

जिथे थेंबांवर भागत नाही

पहिल्या महिन्यातलं बाळ आणि डोळ्यात पू: त्याच दिवशी डॉक्टर. जन्माच्या वेळी आईकडून आलेला गोनोकोकस हा जिवाणू बुबुळाला फार लवकर भोक पाडू शकतो, आणि तसाच येणाऱ्या क्लॅमिडिया या जिवाणूला पोटातूनच औषध लागतं. तिथे आईचं दूध डोळ्यात घालून वाट पाहू नये. डोळे आले आणि कानही दुखतोय, तर बहुधा हिमोफिलस, तिथेही नुसते थेंब पुरत नाहीत. ताप, पापणी सुजून बंद, डोळा हलवताना दुखणं, डोळा पुढे आल्यासारखा वाटणं किंवा अंधूक दिसणं, यांत रात्र असली तरी दवाखाना गाठा. कॉन्टॅक्ट लेन्स लावणाऱ्या मुलाचा डोळा लाल झाला तर लेन्स लगेच काढा आणि तपासून घ्या.

याउलट, तान्ह्या बाळाचा डोळा महिनोन्‌महिने पाणावतो, चिकटतो, पण पांढराच असतो, तेव्हा बहुधा अश्रुनलिका अजून उघडलेली नसते. अशा बाळांना एकामागून एक थेंब दिले जातात, जे लागतच नाहीत. डॉक्टरांकडून शिकून कोपऱ्यापासून नाकाच्या कडेने खाली मालीश करायचं. दहांतल्या नऊ बाळांची नलिका वर्षाच्या आत उघडते. नाहीच उघडली तर नेत्रतज्ज्ञ बारीक सळई घालून ती मोकळी करतात.