वचन रोजच्या जगण्यात आणताना या चुका टाळा

पवित्र शास्त्र म्हणजे बायबल नेमाने वाचणाऱ्या माणसाला एक प्रश्न कधी ना कधी गाठतोच. इतकी वर्षं वाचतोय, कितीतरी वचनं तोंडपाठ आहेत, मग घरात आवाज अजून तसाच का चढतो? पैशाची काळजी रात्री अजून तशीच का जागवते? अशा वेळी आपण मनाशी ठरवतो की वाचन कमी पडतंय, आणि आणखी एक अध्याय वाढवतो.

माझ्या मते अडचण बहुतेक वेळा वाचन कमी पडल्याची नसते. नडते ती घाई. वचन वाचलं की लगेच ‘यात माझ्यासाठी काय आहे’ हे आपण शोधू लागतो. ते वचन आधी ज्यांना मिळालं त्या माणसांजवळ क्षणभर थांबतही नाही. पुढच्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

एक ओळ उचलणं आणि बाकीचं पत्र विसरणं

यिर्मया या संदेष्ट्याच्या पुस्तकातलं २९:११ घ्या. तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, असं देव तिथे सांगतो. ही ओळ भिंतीवर असते, शुभेच्छापत्रावर असते, मुलाखतीला निघालेल्या मुलाच्या मोबाइलवर असते. वाचणाऱ्याच्या मनात तिचा अर्थही ठरलेला असतो: काम होणार, आणि लवकर होणार.

ही ओळ एका पत्रातली आहे. इ. स. पू. ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेमेतून यहूदाच्या राजाला, अधिकाऱ्यांना, सुतारा-लोहारांना कैद करून नेलं. त्या लोकांना यिर्मयाने हे पत्र पाठवलं. आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा सगळ्यांसमोर सांगतो की दोन वर्षांत सारं पूर्ववत होईल. लोकांना तेच ऐकायचं होतं. यिर्मयाचं पत्र मात्र सत्तर वर्षांची गोष्ट करतं. घरं बांधून राहा, बागा लावून त्यांची फळं खा, मुलामुलींची लग्नं करा, आणि ज्या नगरात तुम्हाला पकडून नेलं त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. एवढं सगळं झाल्यावर ती अकरावी ओळ येते. पत्र ऐकणाऱ्यांत कोणी पन्नाशीचा असेल, तर आपण परत जाणार नाही हे त्याला तिथेच कळलं असेल. देवाचे संकल्प हिताचे आहेत, हे त्यालाही सांगितलं होतं.

एवढं वाचून मग स्वतःकडे यायचं. आता ही ओळ मुलाखतीच्या निकालाची हमी देत नाही. ज्या जागी राहायचं नव्हतं, ज्या कामात मन नाही, तिथे आज काय लावता येईल, कोणाच्या भल्यासाठी प्रार्थना करता येईल, हे ती विचारते. निकाल हातातून गेला तरी या अर्थाला धक्का लागत नाही. हनन्याच्या अर्थाला लागतो, आणि त्या धक्क्यात कित्येकांचा विश्वासही कोलमडतो. देवाने कधी न दिलेलं वचन मोडलं म्हणून देवावर रुसलेली माणसं पाहिली की जीव तुटतो.

फिलिप्पै ४:१३ चंही असंच होतं. जो मला सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्व काही करू शकतो, हे वचन परीक्षेच्या आणि सामन्याच्या सकाळी हटकून आठवतं. प्रेषित पौल ते फिलिप्पै शहरातल्या मंडळीला बंदिवासातून लिहितो. त्याच्या आधीच्या ओळींत तो सांगतो की पोटभर असताना कसं राहावं आणि उपाशी असताना कसं राहावं, दोन्ही मी शिकलो आहे. हरल्यावर मनात कडवटपणा येऊ नये, जिंकल्यावर डोकं फिरू नये, यासाठीचं ते सामर्थ्य आहे. आणि लगेच पुढच्या ओळीत तो फिलिप्पैकरांनी संकटात केलेल्या मदतीबद्दल त्यांना शाबासकी देतो. ज्याला सर्व काही शक्य आहे त्यालाही भावांची मदत लागली, हे आपण ती ओळ उचलताना सोडून देतो.

फिलिप्पैच्या मंडळीत हे पत्र पहिल्यांदा वाचलं गेलं तेव्हा त्यात चौथा अध्याय नव्हता आणि तेरावी ओळही नव्हती. नव्या करारातले आजचे ओळींचे क्रमांक रोबेर एस्तिएन या मुद्रकाने १५५१ च्या आवृत्तीत घातले. संदर्भ शोधायला ते फार सोयीचे आहेत. पण क्रमांक आहेत म्हणून प्रत्येक ओळ स्वतंत्र निरोप ठरत नाही. यावर उपाय साधा आहे. आवडलेल्या वचनाच्या आधीचा आणि नंतरचा भाग वाचा. पत्र छोटं असेल तर एका बैठकीत सबंध वाचा. फिलिप्पैकरांस पत्र वाचायला अर्धा तासही लागत नाही.

नीतिसूत्राला हमीपत्र समजणं

नीतिसूत्रे २६:४ सांगतं, मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नको. २६:५ सांगतं, दे. दोन्ही शेजारी-शेजारी मुद्दाम ठेवली आहेत. कुठे बोलायचं आणि कुठे गप्प बसायचं हे ओळखणं म्हणजे शहाणपण, आणि हे पुस्तक तेच शिकवतं.

म्हणून मुलाला योग्य मार्गाचं शिक्षण दे, म्हातारपणीही तो त्यापासून ढळणार नाही (२२:६), या वचनाचा काठीसारखा वापर करू नका. ज्यांचं मूल भरकटलंय त्या आईबापांना हे वचन ऐकवणं म्हणजे त्यांच्या अश्रूंवर ठपका ठेवणं. नीतिसूत्रं जगाची सर्वसाधारण रीत सांगतात. त्याच शास्त्रात, निर्दोष असूनही सारं गमावलेला ईयोबही आहे.

आपलं वचन शेजाऱ्याला लावणं

ही चूक सर्वांत जास्त दुखावते, आणि करणाऱ्याला तिचा पत्ताही नसतो. घरात मृत्यू झालाय. दफनविधीवरून माणसं नुकतीच परतली आहेत, चपलाही अजून दारातच आहेत, आणि फोनवर निरोप येतो: देवावर प्रीती करणाऱ्यांना सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात. रोमकरांस ८:२८. वचन खरं आहे. पण ते पाठवणाऱ्याने बसल्या जागेवरून पाठवलं, आणि ज्याला मिळालं त्याला उत्तरादाखल ‘आमेन’ लिहिणं भाग पडलं. त्याच पत्रात चार अध्याय पुढे पौल सांगतो, रडणाऱ्यांबरोबर रडा. दुःख ताजं असताना या दुसऱ्या वचनाची पाळी आधी असते.

ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मूकपणे बसले. त्यांनी केलेलं सर्वांत चांगलं काम तेच. मग ते बोलू लागले, देवाच्या बाजूने बोलले, आणि शेवटी देवानेच त्यांच्यातल्या अलीफजाला सांगितलं की तुझ्यावर आणि तुझ्या दोघा मित्रांवर माझा राग भडकला आहे. देवाची बाजू घेऊन बोलणाऱ्या प्रत्येकाने तो शेवटचा अध्याय वाचावा, असं मला फार वाटतं.

घरातही हेच होतं. इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात पतीला सांगितलेला भाग पत्नीला सांगितलेल्या भागापेक्षा बराच मोठा आहे. ख्रिस्ताने मंडळीवर प्रीती केली, स्वतःला तिच्यासाठी दिलं, तशी प्रीती कर, असं पतीला सांगितलंय. आणि या सगळ्याच्या आधी, एकमेकांच्या अधीन असा, असं दोघांनाही सांगितलंय. घरात मोठ्याने उच्चारली जाते ती बहुधा दुसऱ्यासाठीची ओळ. आपल्या नावची ओळ आधी वाचायची आणि समोरच्याची त्याच्यावर सोडायची, एवढं जरी पाळलं तरी कितीतरी भांडणं सुरूच होणार नाहीत.

क्षमा म्हणजे मार खात राहणं, असं समजणं

इथे मला स्पष्ट बोलायचं आहे. दुसरा गाल पुढे कर, सत्तर वेळा सात क्षमा कर, ही वचनं मारहाण सोसणाऱ्या माणसाला सांगून त्याला पुन्हा त्याच दारात पाठवलं जातं. ज्याने दुसऱ्या गालाविषयी सांगितलं, त्या येशूला प्रमुख याजकासमोर चपराक बसली, तेव्हा तो गप्प बसला नाही. मी वाईट बोललो असेन तर ते दाखव, योग्य बोललो असेन तर मला का मारतोस, असं त्याने विचारलं (योहान १८:२३). पौलाला फिलिप्पैमध्ये चौकशीशिवाय फटके मारून तुरुंगात टाकलं आणि सकाळी गुपचूप सोडून देऊ लागले. त्याने जायला नकार दिला. अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर काढावं, असं त्याने ठणकावलं.

क्षमा म्हणजे सूड देवाच्या हाती सोडणं. जीव धोक्यात असेल तर तिथून निघणं, विश्वासाच्या माणसाला सांगणं, पोलिसांकडे जाणं, यातलं काहीही त्या क्षमेच्या आड येत नाही. कोणी वचन दाखवून तुम्हाला गप्प राहायला सांगत असेल, तर मत्तयाचा चौथा अध्याय आठवा. मंदिराच्या शिरोभागी सैतानाने येशूला स्तोत्र ९१ मधलंच वचन ऐकवलं होतं. उद्धृत केलेलं वचन खरं असूनही त्याचा वापर खोटा असू शकतो.

थकव्याला अविश्वास समजणं

प्रार्थनेत मन लागत नाही, वाचलेलं आत जात नाही, सारखं रडू येतं. अशा वेळी पहिला संशय आपण स्वतःच्या विश्वासावर घेतो. १ राजे १९ मध्ये एलीया हा संदेष्टा रानात एका झुडपाखाली बसून देवाकडे मरण मागतो. देवदूत येऊन त्याला एक शब्दही बोध करत नाही. उठ, खा, एवढंच म्हणतो. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं उशाशी असतं. एलीया खातो, पितो, पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा उठवतो, पुन्हा खाऊ घालतो. एलीया, तू येथे काय करतोस, हा प्रश्न देव पुढे होरेब डोंगरावरच्या गुहेत विचारतो. आधी अन्न आणि झोप, मग प्रश्न.

तेव्हा आधी झोप किती होतेय ते पाहा. उदासी हटत नसेल तर डॉक्टरांकडे जा; त्याने विश्वास कमी होत नाही. आणि प्रार्थनेला शब्द सुचत नसतील तर स्तोत्र ८८ घ्या. ते अंधारातच संपतं, शेवटी स्तुतीची एकही ओळ नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे आणि देवालाच उद्देशून आहे.

सगळं एकदम बदलायला निघणं

‘आजपासून मी रागावणार नाही’ हा निश्चय दुपारपर्यंत टिकत नाही, कारण त्याला धरायला जागा नसते. याकोब १:१९ ऐकायला तत्पर, बोलायला धीमा, रागाला मंद असायला सांगतं. हे एका ठिकाणी लावा. एखाद्याचा झोंबणारा निरोप आला, उत्तर लिहून झालंय, अंगठा पाठवायच्या खुणेवर आहे. तिथे थांबा. उत्तर पुसू नका, फोन उलटा ठेवा, त्या माणसाचा निरोप तासाभराने पुन्हा वाचा. त्यात तुम्ही न ऐकलेलं काही आहे का ते बघा, मग ठरवा. आजच्या दिवसाला एवढं पुरे.

मार्कच्या चौथ्या अध्यायात बी पेरणारा माणूस रात्री झोपतो, दिवसा उठतो, आणि बी कसं वाढतं हे त्याला कळतही नाही. आधी अंकुर, मग कणीस, मग कणसात भरलेला दाणा. म्हणून एकच वचन आठवडाभर घ्यायलाही हरकत नाही. रात्री त्या एका गोष्टीबद्दल देवाशी बोला. जमलं असेल तर आभार माना, जमलं नसेल तर नाही जमलं असंच सांगा. मध्ये काही दिवस वाचन सुटलं, तर राहिलेले अध्याय भरून काढायला बसू नका. आजचा अध्याय उघडा.