पुराच्या दिवसांत फोन कसा वापरावा

सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा 40 फुटांवर गेली की इशारा पातळी आणि 45 वर गेली की धोका. आकडा चाळिशीकडे सरकायला लागला की माळ्यावर सामान चढवायच्या आधी घरातले सगळे फोन आणि पॉवर बँक चार्जिंगला लावा. पाणी शिरलं की वीज जाते, आणि टॉवरचा बॅकअपही डिझेल असेतोवरच.

मग एक कागद घ्या. आपत्कालीन मदत 112, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष 1077, रुग्णवाहिका 108. त्याखाली घरच्यांचे नंबर. हल्ली बायकोचा नंबरही पाठ नसतो! कागद दुधाच्या कोरड्या पिशवीत, वर दोऱ्याची गाठ.

पाणी चढल्यावर एकच फोन चालू ठेवा, बाकीचे बंद. रेंज कमी असली की फोन सारखा टॉवर शोधत राहतो, त्यातच निम्मी बॅटरी जाते. म्हणून फ्लाइट मोडवर टाका, दर दोन तासांनी दहा मिनिटं काढा. पुण्या-मुंबईच्या एकाच नातेवाइकाला खबर द्या, बाकीच्यांनी त्याला विचारावं. ‘जेवलात का’ विचारायला वीस जणांचे फोन येतात; माया कळते, पण चार्जिंग संपतं.

कॉल लागत नसेल तर साधा एसएमएस करा. क्षणभर रेंज आली तरी तो जातो. पण ‘वाचवा, अडकलोय’ एवढ्यावर बोटवाल्याला घर सापडत नाही. असं लिहा:

‘सकाळी 7.10. मारुती मंदिरामागे, पिवळी दुमजली इमारत, गच्चीवर. 5 जण, आजीला चालता येत नाही. पाणी जिन्याच्या आठव्या पायरीवर.’

वेळ आधी लिहायची, कारण हा मेसेज चार ग्रुप फिरून संध्याकाळीही कुणाच्या तरी हातात पडणार. दुसऱ्याचा मेसेज पुढे पाठवायच्या आधी त्यातल्या नंबरवर विचारून घ्या. ‘धरण फुटलं’ छापाचे व्हिडिओ तर पाठवूच नका; बरेचसे जुने, भलत्याच गावचे असतात.

फोन भिजलाच तर बंद करा, पुसा, आणि पुरता वाळेपर्यंत चार्जरला लावू नका. तांदळाच्या डब्यात खुपसण्यात अर्थ नाही.

सुटका झाली की पहिला मेसेज ‘आम्ही 5 जण निघालो’ असा, जिथं जिथं मदत मागितली होती तिथं तिथं. नाहीतर अंधारात बोट रिकाम्या गच्चीखाली हाका मारत फिरते.