यकृताच्या वॉर्डात नव्याने येणाऱ्या आहारतज्ज्ञासाठी

मुलांच्या यकृतविकाराच्या वॉर्डात रुजू झाले त्याच महिन्यात मी एक चूक केली. सात महिन्यांच्या बाळाचं वजन पंधरवड्यात चारशे ग्रॅमनं वाढलेलं पाहून मी त्याच्या आईचं कौतुक केलं. राउंडला आमच्या मोठ्या ताईंनी बाळाचं झबलं वर केलं. पोट पाण्यानं तट्ट फुगलेलं, दंडाची मात्र काडी झालेली. वाढलं होतं ते पाणी. बाळ खंगत चाललं होतं.

तेव्हापासून मी काट्याआधी टेप हातात घेते. दंडाचा घेर दर खेपेला त्याच हाताचा, शक्यतो एकाच माणसानं मोजायचा. अंगणवाडीतली ११.५ सेंमीची, तीव्र कुपोषण दाखवणारी लाल खूण तुम्हाला माहीत असेल. इथे त्या खुणेपर्यंत थांबू नका, घेर उतरायला लागला की लगेच हालचाल करा.

आमच्याकडच्या तान्ह्या बाळांत बिलिअरी अट्रेसियाची बाळं बरीच. त्यांच्या पित्तनलिका बंद असतात. पित्ताला आतड्यात वाट करून देणारी कासाई शस्त्रक्रिया शक्यतो ६० दिवसांच्या आत व्हावी लागते, पण शी पांढरट होतेय हे घरात वेळेवर कोणाच्या लक्षात येत नाही. पित्त आतड्यात उतरत नाही म्हणून स्निग्ध पदार्थ पचत नाहीत आणि अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वंही अंगी लागत नाहीत. एमसीटी, म्हणजे मध्यम लांबीच्या मेदाम्लांच्या तेलाला पित्ताची फारशी गरज नसते, ते आतड्यातून थेट यकृताकडच्या रक्तात जातं. शिजवून उतरवलेल्या खिमटात ते कालवायचं, तळणाला वापरायचं नाही. मात्र सगळं तेल एमसीटीच देऊ नका. काही आवश्यक मेदाम्लं साध्या तेलातूनच मिळतात.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो पथ्यावर. “कावीळ आहे ना, म्हणून तेल-तूप बंद केलंय, डाळही नाही,” असं आजी मोठ्या मायेनं सांगते. तिच्याशी वाद घालू नका. या बाळाला इतर बाळांच्या सव्वा ते दीडपट ऊर्जा लागते, हे तिला वाटी-चमच्यानं दाखवा. प्रथिनं उगाच तोडली तर स्नायू झिजतात, आणि यकृत थकलं की रक्तात साठणारा विषारी अमोनिया निकामी करायला स्नायूंचाही हातभार लागतो. अपवाद असतात. गॅलॅक्टोसेमियात, म्हणजे दुधातली साखर शरीराला न पेलणाऱ्या जन्मजात आजारात, तर आईचं दूधही थांबवावं लागतं. म्हणून निदान वाचल्याशिवाय तक्ता लिहायचा नाही.

पोट फुगलेलं मूल दोन घासांत तोंड फिरवतं. थोडं थोडं, घट्ट, वारंवार द्या. आजारी यकृतात साखरेचा साठा कमी असतो, म्हणून रात्रीचा लांब उपास टाळायचा. तोंडानं पुरत नसेल तर नाकातून नळी घालून रात्रभर दूध द्यावं लागतं. नळी म्हटलं की आया रडतात, त्यांना तो शेवट वाटतो. अशा वेळी मी शेजारच्या खाटेवरच्या आईला बोलावते. रात्रीचं दूध कसं लावायचं, सकाळी नळी कशी धुवायची, ते ती स्वतः करून दाखवते.