खांदे-कोपरं कुरकुरतायत? वजन उतरवा, रेप्स वाढवा

बेंच प्रेस (बाकावर आडवं पडून बार छातीवरून वर ढकलणं) करताना खांदा पुढून टोचायला लागला की बहुतेक जण एक तर व्यायाम सोडतात, नाहीतर क्रेप बँडेज गुंडाळून तेच वजन रेटतात. त्यापेक्षा ६० किलोचे ५ रेप्स (म्हणजे सलग ५ वेळा उचलणं) मारत असाल तर ४५ किलोवर या आणि १२ ते १५ मारा. स्नायू वाढायला साधारण ५ पासून ३० पर्यंतचे रेप्स चालतात. फक्त सेट (सलग रेप्सची एक फेरी) संपताना अंगात जेमतेम दोन-तीन रेप्स उरले पाहिजेत. सांध्यावर एका वेळी येणारा भार मात्र बराच उतरतो. निव्वळ ताकद वाढवायची असेल तर जड वजन लागतंच, पण ते खांदा शांत झाल्यावर.

सगळ्या व्यायामांना एकच माप लावू नका. स्क्वॉट, डेडलिफ्टमध्ये भार अनेक सांध्यांत वाटला जातो, तिथे ६ ते १० ठीक. लेग एक्स्टेंशनमध्ये सगळा ताण एकट्या गुडघ्यावर, ट्रायसेप्स एक्स्टेंशनमध्ये कोपरावर. तिथे मी १५च्या खाली जातच नाही. (जिममधली पोरं हसतात. हसू देत.)

बार खाली आणताना तीन सेकंद मोजा. छातीवर आपटून उसळी घेतलीत तर हलक्या वजनानेही खांदा दुखेल. परत जड वजनाकडे जाताना दर आठवड्याला अडीच किलोच वाढवा, कारण कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे पट्टे) स्नायूंपेक्षा सावकाश बळकट होतात. सांधा सुजला, अडकला किंवा रात्री ठणकायला लागला, तर मात्र रेप्स मोजत बसू नका. सरळ हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.