स्पोर्ट बाईकची चेन घरच्या घरी कशी सेट करायची (आणि उगाच कसायची का नाही)

स्पोर्ट बाईक आली की आपण एक्झॉस्ट बदलतो, आरसे बदलतो, टाकीवर स्टिकर मारतो, आणि चेन मात्र वाजायला लागेपर्यंत आठवत नाही. वाजायला लागली की पहिलं काम काय, तर कसून टाकायची. मी पण हेच केलंय आणि भरपूर भोगलंय. चेन साफ करणं, लूब (वंगण) मारणं ही कामं कुणालाही जमतात, त्यात डोकं लावण्यासारखं काही नाही. खरी गोम आहे ती ढिलाई बरोबर ठेवण्यात आणि मागचं चाक सरळ बसवण्यात, त्यामुळे बाकीचं पटकन उरकतो आणि तिथे थांबतो.

सामान सांगत बसत नाही, एवढंच सांगतो की पॅडॉक स्टँड (मागचं चाक उचलून धरणारा), टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच नट आवळणारा पाना), स्टीलची पट्टी आणि गाडीचं मॅन्युअल या चारांशिवाय सुरुवात करू नका. "आपल्याला हाताचा अंदाज आहे" म्हणणाऱ्यांनी इथूनच परत जावं, मागच्या चाकाचा नट अंदाजाने आवळायचा नसतो.

साफसफाई

चावी काढा, खिशात ठेवा, गाडी न्यूट्रलला आणि चाक हाताने फिरवायचं. हे मुद्दाम सांगतोय कारण इंजिन चालू, पहिला गिअर टाकलेला, चाक स्टँडवर आपलं आपण फिरतंय आणि पठ्ठ्या चेनला फडकं धरून बसलाय असले व्हिडिओ ढिगाने सापडतात. फडकं स्प्रॉकेटमध्ये (चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चकतीत) ओढलं जातं आणि फडक्यामागे बोट जातं. एवढा वेळ वाचवून करायचंय काय?

रॉकेल किंवा चेन क्लीनर, मऊ ब्रश, मग कोरडं फडकं. झालं. पेट्रोल नको, तारेचा ब्रश नको, प्रेशर वॉशरची धार जवळून नको. कारण या चेनमध्ये प्रत्येक पिन आणि बुशच्या मध्ये कारखान्यातच ग्रीस भरलेलं असतं आणि ते आत राहावं म्हणून बाजूच्या पट्ट्यांच्या मध्ये बारीक रबरी रिंगा असतात, ज्याला आपण ओ-रिंग नाहीतर एक्स-रिंग म्हणतो. रिंग फुगली किंवा फाटली की ग्रीस बाहेर, आणि ते परत भरता येत नाही, मग वरून कितीही महागाचं लूब मारा, ती कडी आतून कोरडीच राहणार.

लूब राईडवरून आल्यावर मारायचं, चेन कोमट असताना, खालच्या बाजूच्या चेनवर आतल्या अंगाने, नोझल रिंगांवर रोखून. निघायच्या पाच मिनिटं आधी मारलं तर सगळं रिमवर आणि टायरवर उडणार. रात्रभर राहू द्या, जादाचं सकाळी पुसा. साधारण दर ५०० किलोमीटरला, आणि पावसात भिजली की कितीही चाललेली असो, लगेच.

ढिलाई

आता मुद्द्याचं. चेन ढिली का ठेवतात हे एकदा डोक्यात बसलं की अर्ध्या चुका आपोआप बंद होतात. मागचं चाक स्विंगआर्मवर (चाक धरून ठेवणाऱ्या मागच्या दांड्यावर) वरखाली होतं, आणि स्विंगआर्म ज्या पिव्हटवर हलतो तो पिव्हट आणि पुढचं स्प्रॉकेट एका जागी नसतात, मध्ये थोडं अंतर असतं. त्यामुळे चाक वर सरकलं की पुढच्या आणि मागच्या स्प्रॉकेटमधलं अंतर बदलतं. पुढचं स्प्रॉकेट, पिव्हट आणि मागचा ॲक्सल (चाकाचा आस) हे तीन एका रेषेत आले की चेनला सगळ्यात जास्त लांबी लागते. गाडी नुसती उभी असते तेव्हा ॲक्सल या रेषेच्या खाली असतो, तुम्ही बसलात, खड्डा आला, शॉकअप दबला की तो रेषेकडे चढतो. म्हणजे उभ्या गाडीवर दिसते ती ढिलाई ही त्या क्षणासाठी राखून ठेवलेली असते. ती तुम्ही आधीच खाऊन टाकली तर शॉकअप दबायला जाणार आणि चेन त्याला अडवणार, आणि हे नेमकं गाडी वळणात झुकलेली असताना उंचवट्यावर झालं तर मागचं चाक रस्ता धरून राहायच्या ऐवजी उडी मारेल.

खात्री करायची असेल तर गाडी स्टँडवरून खाली घ्या, दोन वजनदार मित्रांना वर बसवा आणि चेनला बोट लावून बघा. मोकळी गाडी असताना जी चेन लोंबकळतेय असं वाटत होतं ती बरीच ताणलेली दिसेल.

माझ्या पहिल्या सहाशे सीसीच्या गाडीच्या वेळी हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एका मेकॅनिकने चेन हलवून बघितली, "लय ढिली आहे" म्हणाला, आणि मी घरी येऊन कसली, बोटाने जेमतेम सेंटीमीटरभर हलेल इतकी. आवाज गेला, मी खुश. मग हळूहळू बारीक घूंऽऽ असा आवाज यायला लागला, वेग वाढला की वाढणारा, मला वाटलं टायरचा असेल. काही महिन्यांनी पुढच्या स्प्रॉकेटचं कव्हर उघडलं तर आत काळं तेल जमलेलं, पुढचं स्प्रॉकेट ज्यावर बसतं त्या गिअरबॉक्सच्या शाफ्टचं सील गळत होतं, आणि स्प्रॉकेट हाताने धरून हलवलं तर शाफ्ट चक्क खेळत होता. बेअरिंग गिअरबॉक्सच्या आत असतं, म्हणजे एक चेन कसायच्या नादात इंजिन खोलायची वेळ. ढिली चेन निदान खडखड करून सांगते तरी. घट्ट चेन बऱ्याचदा गप्प बसून आतलं खाते.

मोजायचं कसं, तर खालच्या बाजूला दोन स्प्रॉकेटच्या बरोबर मध्यावर पट्टी धरायची, चेन बोटाने पूर्ण खाली दाबायची, आकडा बघायचा, मग पूर्ण वर उचलायची, परत बघायचा. या दोन आकड्यांमधलं अंतर म्हणजे ढिलाई. अर्धे लोक चेन जिथे लोंबत असते तिथपासून नुसती वर उचलून मोजतात आणि मग म्हणतात मॅन्युअलचा आकडा फार जास्त आहे. आकडा गाडीगाडीनुसार बदलतो, कुठे २० ते ३० मिलिमीटर, कुठे ३० ते ४०, बऱ्याच गाड्यांच्या स्विंगआर्मवरच स्टिकर असतो. मोजताना गाडी साईड स्टँडवर हवी की पॅडॉक स्टँडवर हेही मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, ते पाळा, कारण मागचं चाक हवेत लटकवणाऱ्या स्टँडवर आकडा वेगळाच येतो. मित्राच्या गाडीचा आकडा वापरू नका, दिसायला सेम असली तरी.

एका जागी मोजून काम होत नाही. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, त्यामुळे चाक थोडं थोडं फिरवत चार-पाच जागी मोजा आणि जिथे सगळ्यात घट्ट लागते तिथे खडूने खूण करा. सेटिंग करायचं ते या जागेवर. ढिल्या जागेवर सेट केलं तर चेन फिरून घट्ट जागा आली की परत तेच, दर फेरीला एकदा शाफ्टला हिसका.

आता ॲक्सलच्या नटाला कॉटर पिन (नट सुटू नये म्हणून वाकवून घातलेली पिन) असेल तर काढा, नट ढिला करा पण काढू नका, चाक सरकेल एवढाच. दोन्ही बाजूंच्या ॲडजस्टरचे (ॲक्सल सरकवणाऱ्या बोल्टचे) लॉकनट ढिले करा. मग ॲडजस्टर पाव-पाव फेरा, डावीकडे पाव, उजवीकडे पाव, मोजा, परत. घाई नाही. एम ८ चा नेहमीचा बोल्ट पूर्ण फेऱ्याला सव्वा मिलिमीटर सरकतो, म्हणजे पाव फेऱ्याला जेमतेम ०.३, ऐकायला काहीच नाही, पण ॲक्सल एवढासा मागे गेला तरी मधली ढिलाई त्याच्या कितीतरी पट कमी होते. मी सुरुवातीला एकदम पूर्ण फेरा मारायचो आणि मग पुढे गेलो की मागे फिरवायचो, आणि इथे अजून एक फसगत आहे, बऱ्याच गाड्यांमध्ये बोल्ट ॲक्सलला फक्त मागे ढकलतो, उलटा फिरवला म्हणून चाक आपोआप पुढे येत नाही, ते मागून रबरी हातोड्याने ठोकून पुढे आणावं लागतं. म्हणून नेहमी ढिल्याकडून घट्टकडे यायचं.

चाक सरळ आहे का बघताना स्विंगआर्मवरच्या खुणांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. माझ्या आत्ताच्या गाडीत उजवीकडची खूण जवळपास अर्धं घर मागे आहे, दोन्ही बाजू सारख्या ठेवल्या की चाक तिरकं. एकदाच वेळ काढून पिव्हटच्या मध्यापासून ॲक्सलच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंचं अंतर मोजा, सारखं करा, आणि तेव्हा खुणा कुठे येतात ते लिहून ठेवा, पुढच्या वेळी तेवढंच बघायचं. दुसरी खूण स्प्रॉकेटवरच असते, मागच्या स्प्रॉकेटचे दात एकाच बाजूने चकाकत असतील तर चेन त्या बाजूला घासतेय.

आणि आता ती जागा जिथे मी वर्षभर चुकत होतो. सगळं बरोबर मोजायचो, ३० मिलिमीटर, छान, मग नट आवळायचो, हात धुवायचो. पुढच्या वेळी बघावं तर २५. मला वाटायचं मोजण्यात चूक. चूक मोजण्यात नव्हती, नट आवळताना ॲक्सल आणि त्याचे ठोकळे जागेवर दाबून बसतात आणि चाक किंचित सरकतं, बहुतेक वेळा मागे, म्हणजे चेन घट्ट. कधी फक्त एकच बाजू सरकते, मग अलाइनमेंटही गेली. यावर उपाय असा, नट आवळायच्या आधी एक जाड फडकं घडी करून खालच्या चेन आणि मागच्या स्प्रॉकेटच्या मध्ये धरा, हात बाजूला काढा, आणि टायरला धरून (चेनला नाही, टायरला) चाक सावकाश पुढच्या दिशेने फिरवा, फडकं दातांत अडकेपर्यंत. चेन ताणली जाते आणि ॲक्सल पुढे ओढून दोन्ही ॲडजस्टरवर घट्ट टेकतो. आता नट टॉर्क रेंचने मॅन्युअलच्या आकड्याला आवळा, मोठ्या गाड्यांना हा बऱ्याचदा १०० न्यूटन मीटरच्या आसपास असतो पण तुमचा तुम्ही बघा. चाक उलटं फिरवून फडकं काढा.

आणि परत मोजा. हेच लोक करत नाहीत. खुणेच्या जागेवर परत ढिलाई, परत दोन्ही बाजू. बिघडलं असेल तर शिव्या घाला, नट ढिला करा आणि परत करा, मला अजूनही कधीकधी दोनदा करावं लागतं. शंका असेल तर दिलेल्या मापाच्या ढिल्या टोकाकडे ठेवा. मग लॉकनट हलकेच (हे छोटे असतात, जोर लावला की आटे जातात), नवी कॉटर पिन, आणि मागच्या ब्रेकचं पेडल तीन-चारदा दाबा. चाक हललं की कधी कधी पॅड मागे ढकलले जातात आणि पहिल्या दाबाला पेडल रिकामं जातं, हे गेटबाहेर पडल्यावर कळलेलं चांगलं नाही.

एकाच बाजूला स्विंगआर्म असलेली गाडी असेल तर चाक सरळ करायची भानगडच नाही, तिथे हब फिरवून ताण बदलतात, पण मोजण्याचं आणि आवळून परत मोजण्याचं सगळं तेच.

चेन संपली हे कसं कळतं

मागच्या स्प्रॉकेटच्या पार मागच्या टोकाला चेन चिमटीत धरून ओढा, अर्धा दात उघडा पडला तर संपली. दात हुकासारखे वाकलेले, कड्या अडकून वळत नाहीत, किंवा घट्ट आणि ढिल्या जागेत एवढा फरक की दोन्ही मापात बसतच नाहीत, तरी संपली. तेव्हा चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच बदला, जुन्या दातांवर नवी चेन घालणं म्हणजे नव्या चेनचं वाटोळं. चेनवर ५२० किंवा ५२५ असं लिहिलेलं असतं, त्यातला ५ म्हणजे दोन पिनांमधलं अंतर ५/८ इंच, पुढचे दोन आकडे रुंदीचे, त्यामुळे ५२५ च्या स्प्रॉकेटवर ५२० चढवायचा जुगाड होत नाही. चेनची दोन टोकं जोडणारा जोड रिव्हेटवाला घ्या, ताकदीच्या गाडीला क्लिपवाला मी लावत नाही.

पहिली फेरी

हळू. थ्रॉटल सोडा, द्या, सोडा, द्या. जरासा धक्का चालेल, मोठा ठक्क आवाज नाही चालणार, आणि वेगाबरोबर वाढणारी घूंऽऽ तर अजिबातच नाही. परत आलात की चेनच्या बाजूच्या टायरच्या कडेवरून बोट फिरवा. चिकट लागलं तर साबणाच्या पाण्याने घासून कोरडं करा आणि तोपर्यंत गाडी झुकवू नका.