होम थिएटरचा रिसीव्हर घेताना आधी रिमोट हातात घ्या

होम थिएटरचा रिसीव्हर, म्हणजे टीव्ही-डिशचा आवाज घेऊन स्पीकरांना पुरवणारा डबा, कुठला घेऊ म्हणून विचारणारे बरेच भेटतात आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतोय, किती वॅटचा घेऊ. मी त्यांना उलट विचारतो, घरात रोज लावणार कोण? तुम्ही कामाला गेल्यावर आई बातम्या लावणार, बाबा जुनं नाटक लावणार, पोरं क्रिकेट लावणार. रिसीव्हर एकदा टीव्हीखाली ठेवला की त्याच्याकडे कोण बघत नाही, रिमोट मात्र दिवसातून दहा वेळा हातात येतोय. म्हणून मी तरी तुलना रिमोटपासूनच सुरू करतो, वॅट नंतर.

आमच्या घरचं सांगतो. आम्ही बेळगावात वडगावचे, बाबांची सगळी हयात यंत्रमागावर गेली आणि त्या खडखडाटात कान मंद झालेत. टीव्हीचा आवाज पूर्ण वाढवला तरी म्हणायचे, "गाणं ऐकू येऊलंय, काय बोलूल्यात ते कळंना." त्यांच्यासाठी म्हणून मी रिसीव्हर आणि पाच स्पीकर घेतलो. पहिला आणलो तो आकडे बघून आणलो. आवाज चांगला होता, पण रिमोटवर पन्नासच्या वर बटणं, सगळी सारखीच बारीक, सगळ्यावर इंग्रजी, आणि बाबांना मराठी आणि कन्नड वाचता येतंय, इंग्रजी येत नाही. मी कामावर असताना त्यांचं बोट कुठल्यातरी बटणावर पडायचं, इनपुट (कुठल्या मशीनचं चित्र-आवाज घ्यायचं ते) बदलायचं आणि चित्र-आवाज दोन्ही गायब. संध्याकाळी मी येईपर्यंत काळ्या टीव्हीसमोर बसून राहायचे. ज्यांच्यासाठी आणला त्यांनाच तो लावता येईना, हे बघून जीव तुटायचा. तीन महिन्यांनी तो विकलो आणि दुसरा घेताना दुकानात पहिलं काय केलो तर बाबांना सोबत नेऊन रिमोट त्यांच्या हातात दिलो.

दुकानात बॉक्स सीलबंद असतोय, तरी डेमोच्या सेटचा रिमोट मागा, देतात. हातात घ्या, डोळे मिटा, आणि अंगठ्याने आवाजाचं बटण सापडतंय का बघा. रात्री लाईट बंद करून पिक्चर बघताना नेमकं हेच करायचं असतंय, आणि कमी किमतीच्या रिसीव्हरच्या रिमोटला आत लाईट बहुतेक नसतोच. आवाजाचं बटण आकाराने वेगळं पाहिजे, म्यूट त्याच्या जवळ पण पॉवरपासून लांब पाहिजे. मग इनपुट कसं बदलतंय ते बघा. काही रिमोटवर प्रत्येक इनपुटला वेगळं बटण असतंय, टीव्हीचं वेगळं, ब्लू-रे डिस्क प्लेअरचं वेगळं, ब्लूटूथचं वेगळं. काहींवर एकच बटण आणि ते दाबत दाबत पुढे जायचं. दिसायला एकच बटणवाला सोपा वाटतोय, पण वयस्कर माणसासाठी तोच अवघड, कारण आत्ता आपण कुठल्या इनपुटवर आहोत हे बघितल्याशिवाय किती वेळा दाबायचं ते कळत नाही. वेगळं बटण असलं की एकदा दाबा नाहीतर पाच वेळा दाबा, जागा तीच येते.

ह्याच्याही पुढची सोय म्हणजे एका बटणात सगळं. यामाहाच्या रिमोटवर सीन नावाची बटणं असतात आणि डेनॉनच्या एक्स१७००एच सारख्या मॉडेलला क्विक सिलेक्ट. काम जवळजवळ सारखंच, तुम्ही एकदा इनपुट लावायचं, आवाजाचा मोड पाहिजे तसा करायचा आणि ते बटण काही सेकंद दाबून धरायचं, डिस्प्लेवर सेव्ह झाल्याचं येतंय. त्यानंतर तेच बटण एकदा दाबलं की ती सगळी मांडणी परत. आमच्याकडे पहिल्या बटणावर डिश आहे आणि दुसऱ्यावर ब्लू-रे. बटणाच्या बाजूला पांढरी चिकटपट्टी लावून काळ्या पेनने 'डिश' आणि 'पिक्चर' असं मराठीत लिहिलो, आणि आवाज वाढवायच्या बटणावर बहिणीच्या नेलपॉलिशचा एक लाल ठिपका दिलो. तो वाळला की टणक होतोय, अंधारात बोटाला लागतोय. बाकी बटणांकडे बाबा बघतच नाहीत. दोन रिसीव्हरांत बाकी सगळं सारखं असेल आणि एकाला हे असं बटण असेल तर डोळे झाकून तोच घ्या.

आता एका रिमोटवर सगळं कसं आणायचं. चित्र-आवाज नेणाऱ्या एचडीएमआय केबलमधूनच एक मशीन दुसऱ्याला हुकूम देतंय, ह्याला एचडीएमआय सीईसी म्हणतात, पण प्रत्येक कंपनीने टीव्हीच्या मेनूत त्याला आपलं वेगळंच नाव दिलंय, सॅमसंगमध्ये एनीनेट प्लस, एलजीत सिम्पलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक, त्यामुळे माणूस मेनूत शोधत बसतोय आणि सापडत नाही. टीव्हीच्या मागे ज्या एचडीएमआय पोर्टवर एआरसी (टीव्हीचा आवाज त्याच केबलने उलट रिसीव्हरला पाठवायची सोय) लिहिलेलं असतंय तिथून केबल रिसीव्हरच्या एचडीएमआय आउटला लावायची, दोन्हीकडच्या मेनूत एचडीएमआय कंट्रोल आणि एआरसी ऑन करायचं, टीव्हीच्या साउंडमध्ये स्पीकर रिसीव्हरवर टाकायचा, आणि मग दोन्हींचे प्लग काढून मिनिटभर थांबून परत लावायचे. हे शेवटचं पुष्कळ जण करत नाहीत आणि मग चालत नाही म्हणून सोडून देतात. जमलं की टीव्हीच्याच रिमोटने रिसीव्हर चालू होतोय, बंद होतोय, आवाज पण कमीजास्त होतोय. पण टीव्हीपासून रिसीव्हरला नुसती ऑप्टिकल केबल लावली असेल तर हे काही होणार नाही, त्या केबलमधून फक्त आवाज जातोय, हुकूम जात नाही. एआरसी २००९ च्या एचडीएमआय १.४ पासून आलंय, त्याच्या आधीचा टीव्ही असेल तर वेगळाच रस्ता शोधावा लागणार. ईएआरसी हे त्याचंच सुधारलेलं रूप, २०१७ च्या एचडीएमआय २.१ मधलं, त्यातून ब्लू-रेवरचा न दाबलेला आवाज पण टीव्हीतून रिसीव्हरला येतोय. डिश आणि मोबाईलवरचे पिक्चर एवढंच बघणाऱ्या घराला साधं एआरसी पुरतंय.

अजून एक सेटिंग सांगतो, माझ्या मते सगळ्यात कामाचं आणि कोणी सांगत नाही. रिसीव्हर स्टँडबायवर असताना पण डिशचं चित्र आणि आवाज सरळ टीव्हीला जाऊ दे, असं त्यात करता येतंय. यामाहात स्टँडबाय थ्रू म्हणतात, डेनॉनमध्ये एचडीएमआय पास थ्रू. हे केलं की आईला सकाळी नुसत्या बातम्या बघायच्या असतील तर रिसीव्हर चालू करायची गरजच नाही, टीव्हीच्या स्पीकरवर लागतंय. दुकानात "हे ह्यात आहे का" एवढं विचाराच.

सीईसी एखाद्या घरात रुसूनच बसतंय, एकदा चालतंय, एकदा नाही. तेव्हा डिशचा रिमोट बघा. बऱ्याच सेटटॉप बॉक्सच्या रिमोटला शिकणारी बटणं असतात, टीव्हीचा आवाज त्यावरून चालावा म्हणून दिलेली. त्यांना टीव्हीच्या ऐवजी रिसीव्हरचा आवाज शिकवायचा. दोन्ही रिमोट टेबलावर तोंडाला तोंड लावून ठेवायचे, डिशच्या रिमोटला शिकण्याच्या मोडमध्ये घालायचं, आणि रिसीव्हरच्या रिमोटचं बटण दाबायचं. खानापूरच्या मावशीकडे मी हेच करून दिलोय, तिच्या हातात आता एकच रिमोट असतोय.

पूर्वी ह्यासाठी लॉजिटेकचा हार्मनी नावाचा रिमोट लोक मागवून घ्यायचे, कंपनीने तो २०२१ मध्ये बनवायचा बंद केला, म्हणून आता जुना कोणी विकायला काढला तरी पैसे घालू नका. साधा शिकणारा रिमोट मिळतोय तो पुरे. आणि काही मोबाईलला वरच्या कडेला इन्फ्रारेड (रिमोटमधून निघतोय तो डोळ्याला न दिसणारा उजेड) असतंय, त्यातल्या रिमोट ॲपवर रिसीव्हरची कंपनी निवडली की तात्पुरतं काम भागतंय.

आता वॅट. एकाच मशीनचे आकडे किती वेगळे असतात बघा, यामाहा आरएक्स-व्ही३८५ च्या माहितीपत्रकात ७० वॅट पण आहे, १०० पण आहे आणि १३५ पण आहे. तिन्ही खरे. ७० हा दोन चॅनल (म्हणजे दोन स्पीकरांच्या लाईनी) एकदम चालवून, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, जाड ते बारीक आवाजाच्या सगळ्या पट्ट्यात, अगदी कमी विकृती (आवाज बिघडणं) धरून मोजलेला. १०० हा एकच चॅनल, एकाच सुरावर. १३५ हा १० टक्के विकृती चालवून घेऊन मोजलेला. म्हणजे एका कंपनीचा १३५ दुसऱ्या कंपनीच्या ८० शी लावला तर तुलनाच चुकली. दोन चॅनल, पूर्ण पट्टा, स्पीकरचा रोध आठ का सहा ओहम, ह्या तीन गोष्टी सारख्या असतील तरच आकडा आकड्याला लावा. आणि वॅट दुप्पट झाले तरी आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतोय, कानाला जेमतेम कळेल एवढाच. आपल्या दहा बाय बाराच्या खोलीला ७० पण रग्गड.

बाबांच्या कानांसाठी जे उपयोगी पडलं ते वॅट नव्हतंच, ते होतं मधल्या स्पीकरचं सेटिंग. पिक्चरमधलं बोलणं बहुतेक सगळं सेंटर स्पीकरमधून येतंय. तेवढाच तीन-चार डेसिबलने वर केला की गाणं आणि मारामारी आहे तिथे राहते आणि बोलणं पुढे येतंय. पण डिशवरचा चॅनल नुसता स्टिरिओ असेल तर मोड सराउंडचा, म्हणजे सगळ्या स्पीकरांत आवाज वाटणारा, ठेवा, नाहीतर सेंटरला बोलणं जाणारच नाही. काही रिसीव्हरांत ह्यासाठी डायलॉग लेव्हल नावाची सोय ऑप्शनच्या बटणात असतेय, काहींत सेटअपमध्ये पाच पायऱ्या खाली उतरून स्पीकर लेव्हल शोधावी लागतेय. दुकानात हे करून दाखवायला सांगा आणि किती बटणं दाबावी लागली ते मोजा. रात्रीसाठी डायनॅमिक रेंज कमी करायची सोय पण बघा, त्याने धडाम आवाज दबतोय आणि कुजबुज वर येतेय, शेजारी चाळीत भिंतीला भिंत असेल तर फार बरं पडतंय.

माइक लावून खोली मोजायची आणि स्पीकर आपोआप जुळवायची सोय आता स्वस्तातल्या रिसीव्हरांत पण आहे, डेनॉनची ऑडिसी, यामाहाची वायपीएओ. आपण बसल्यावर कान जिथे येतो त्या उंचीवर माइक ठेवा, पंखा बंद करा, आणि शेजारचं मिक्सर थांबेपर्यंत थांबा.

ॲटमॉससाठी, म्हणजे डोक्यावरून पण आवाज यावा म्हणून, सात चॅनलचा घेऊ का असं विचारणाऱ्यांना मी आधी घराचं छत विचारतो. छताकडे तोंड करून ठेवायचे जे स्पीकर असतात ते सपाट छतावर आवाज आपटवून खाली आणतात. स्लॅब असेल तर जमतंय. आपल्याकडे गावाकडच्या घरांना अजून मंगळुरी कौलं आहेत, उतरतं छप्पर, तिथून आवाज भलतीकडेच जाणार. कौलाखाली पाच स्पीकर आणि एक सबवूफर (जाड, घुमणाऱ्या आवाजाचा स्पीकर) चांगला. एचडीएमआय किती आहेत ते मोजा, डिश, ब्लू-रे, मोबाईल किंवा नेटवरचे पिक्चर लावायची स्टिक, आणि एक मोकळा, म्हणजे चार पाहिजेत. ४के (जास्त स्पष्ट चित्र) साठी एचडीसीपी २.२ हे कॉपी रोखणारं कुलूप रिसीव्हरला कळावं लागतंय, जुना सेकंडहँड घेताना एवढं विचारा.

सेकंडहँडवरून आठवलं, अमेरिकेत असलेला भाऊ-पुतण्या येताना घेऊन येतो म्हणतोय, तर मागची व्होल्ट लिहिलेली पट्टी वाचल्याशिवाय प्लग लावू नका. तिथला १२० व्होल्टचा असतोय, आपल्या २३० वर लावला की संपला. स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर घेऊन चालवता येतोय, पण तो जड, गरम होणारा डबा कायम जवळ ठेवावा लागतोय. दुबईचा असला तर तिथला पुरवठा पण २३० चाच, तरी पट्टी वाचा.

रिमोट चालत नाही म्हणून नवीन मागवायच्या आधी मोबाईलचा कॅमेरा चालू करा, रिमोटचं तोंड कॅमेऱ्यासमोर धरा आणि बटण दाबा. स्क्रीनवर जांभळट पांढरा ठिपका लुकलुकला तर रिमोट ठीक आहे, दोष रिसीव्हरच्या डोळ्यात किंवा मध्ये आलेल्या फुलदाणीत. मागच्या कॅमेऱ्यात दिसलं नाही तर पुढच्या कॅमेऱ्यात बघा, काही फोनच्या मागच्या कॅमेऱ्याला तो उजेड अडवणारी काच असतेय. ठिपकाच नाही तर सेल काढा. आपल्याकडच्या पावसाळ्यात, खानापूर भागात तर जास्तच, दमट हवेने स्प्रिंगवर हिरवा-पांढरा थर चढतोय. कापसाला थोडा व्हिनेगर लावून पुसा, वाळवा, नवीन अल्कलाइन सेल घाला, पुष्कळदा तेवढ्यावर जागा होतोय. रिमोट खरंच गेला असेल तर त्याच्या मागे किंवा सेलच्या झाकणाखाली त्याचा स्वतःचा नंबर असतोय, तो बघून मागवा, रिसीव्हरच्या मॉडेलच्या नावाने मागवला तर दुसराच येतोय.

आणि वळीव. एप्रिल-मेमध्ये दुपारी चारला आभाळ भरून आलं की रिसीव्हरचा प्लग काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. डिशची केबल पण काढायची आणि नेटची वायर रिसीव्हरला लावलेली असेल तर ती पण, वीज त्या वायरीतून पण आत येतेय. सेटिंग काही तासांत पुसलं जात नाही, त्याची काळजी नको. आमच्याकडे आभाळ भरून आलं की बाबा स्वतः उठून हे करतात, आणि पाऊस थांबल्यावर सगळं परत लावून 'डिश' लिहिलेलं बटण दाबतात.