त्वचेच्या प्रतिकृतीवर हर्पीसचा अभ्यास: या चुका टाळा

प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी त्वचेवर हर्पीस सिम्प्लेक्स १ हा विषाणू अभ्यासताना नवशिके सर्वाधिक करतात ती चूक म्हणजे पेशींच्या एका थरावर ओततात तसाच विषाणू पूर्ण वाढलेल्या ऊतीवर वरून ओतणे. केराटिनोसाइट (बाह्यत्वचेच्या मुख्य) पेशी कोलॅजेन या प्रथिनाच्या आधारावर, हवेच्या संपर्कात दोनएक आठवडे वाढल्या की वर मृत पेशींचा कठीण थर जमतो, त्याखालच्या पेशी घट्ट सांध्यांनी जोडल्या जातात आणि विषाणूला आत शिरण्यासाठी लागणारा नेक्टिन-१ ग्राही (विषाणू ज्याला जोडला जातो ते पेशीवरचे प्रथिन) या अडथळ्याखाली राहतो.

एका विद्यार्थ्याने अशाच ऊतीवर औषधाची चाचणी घेतली होती. औषध न दिलेल्या ऊतींत संसर्ग तुरळक होता, दिलेल्यांत त्याहून कमी, आणि हा फरक औषधाचा गुण म्हणून आलेखात मांडूनही झाला होता. उभे काप घेऊन विषाणूचे प्रथिन रंगवले तेव्हा सगळा संसर्ग कडेला आढळला; ऊती आकसून इन्सर्टच्या (ती ज्यात वाढवतात त्या छोट्या कपाच्या) भिंतीपासून सुटली होती आणि विषाणू त्या फटीतून उतरून तळच्या थराला लागला होता. औषधाविषयी त्या आलेखातून काहीच कळत नव्हते. केवळ वेळ वाचवण्यासाठी काप टाळले होते आणि ही घाई मला मुळीच मान्य नाही. मी प्रत्येक तुकडीतील एक ऊती आधी कापून पाहते, मगच उरलेल्यांवर सुईने ठरावीक लांबीचा ओरखडा काढते किंवा डिस्पेज या विकराने बाह्यत्वचा सोडवून तळाच्या बाजूने विषाणू देते.

पेशीमागे किती विषाणू दिला, हा हिशेब येथे निरर्थक आहे, कारण बहुतेक पेशी विषाणूपुढे उघड्याच नसतात. प्रत्येक ऊतीला दिलेली प्लाक-एकके (संसर्गक्षम विषाणू मोजण्याचे एकक) नोंदवावीत.

पेशी ज्या पोषक द्रवात वाढवतात त्या माध्यमाच्या बाटलीवरील घटक न वाचणे ही दुसरी चूक. केराटिनोसाइटच्या अनेक तयार माध्यमांत हायड्रोकॉर्टिसोन असते आणि ते दाह दाबते, त्यामुळे त्यात ठेवलेल्या ऊतीवरून दाहाविषयी निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. मी ते संसर्गाच्या आदल्या दिवशी काढते, संसर्ग न दिलेल्या ऊतींतूनही. माध्यमात हेपारिन असेल तर विषाणू पेशींना नीट चिकटतच नाही. व्हेरो पेशी (माकडाच्या मूत्रपिंडापासून वाढवलेल्या) टाइप-१ इंटरफेरॉन, म्हणजे विषाणूविरोधी संकेत देणारी प्रथिने, बनवत नाहीत. त्या विषाणू मोजण्यापुरत्याच वापराव्यात.

चेतापेशींत ॲसायक्लोव्हिर हे विषाणूरोधी औषध घातल्यावर विषाणू दिसेनासा झाला, एवढ्यावरून सुप्तावस्था (विषाणू न वाढता पेशीत दडून राहणे) सिद्ध होत नाही. औषध काढल्यावरही तो शांत राहतो आणि उद्दीपन दिल्यावर पुन्हा वाढतो, हे दोन्ही दाखवावे लागते.

विषाणूचा साठा लहान नळ्यांत विभागून ठेवावा आणि एकदा वितळलेली नळी पुन्हा गोठवू नये.